दाब, प्रवाह आणि रोध : उमरीच्या एका विहिरीवरील विजेचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही चार दिवस उमरीस आमच्या एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. नांदेड जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव मुदखेडहून धर्माबादकडे जाणाऱ्या रेल्वेवर वसलें आहे. मराठवाड्याबाहेरील वाचकांस त्याचें नांव ठाऊक असेल तें बहुधा ३० जानेवारी १९४८ या दिवसामुळें; त्या दिवशीं हैदराबाद मुक्तिसंग्रामांतील सैनिकांनीं तेथील बँकेवर छापा घालून तिचा खजिना लढ्याच्या कामीं लावला होता. आज मात्र आम्ही उमरीचें नांव घेत आहों तें एका लहानशा, घरगुती गोष्टीकरितां.

स्नेह्यांचें घर गांवाच्या कडेस आहे. घरापासून दोनशें मीटरांवर त्यांचा मळा, मळ्यांत विहीर, आणि विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप. घराला लागणारें सारें पाणी याच विहिरीचें. मीटरजवळून निघालेली वायर गोठ्यावरून, कडब्याच्या गंजीशेजारून विहिरीपर्यंत नेलेली होती. आम्ही पोंचलों त्या दिवशीं घरांत पाण्याचा ठणठणाट होता, कारण पंपाची मोटार वर्षांत दुसऱ्यांदा जळाली होती. वहिनी शेजारच्या आडावरून घागरींनीं पाणी आणवीत होत्या, आणि यजमान मोटार भरणाऱ्या मिस्त्रीवर संतापले होते. त्यानें तांब्याची तार हलकी वापरली, पैसे पुरते घेतले आणि काम अपुरें केलें, असा त्यांचा पक्का ग्रह झाला होता. मिस्त्री शपथेवर सांगे कीं, तार चांगली होती, दोष मोटारींत नाहीं. पण त्याचें ऐकतो कोण? पंधरा वर्षांचा घरोबा तुटण्याच्या बेतांत आला होता.

हा वाद मिटविला तो यजमानांच्या दहावींत शिकणाऱ्या नातीनें, आणि तोहि एका कागदावर चार गुणाकार-भागाकार मांडून. तो हिशेब कसा झाला हें सांगणें हाच या लेखाचा हेतु आहे. परंतु त्यापूर्वीं तीन शब्दांचा अर्थ नीट ध्यानीं घेतला पाहिजे. ज्या ज्या घरांत विजेचें बिल येतें त्या त्या घरांत हे शब्द रोज वावरत असतात; तरीहि त्यांची खरी ओळख फारच थोड्यांनीं करून घेतलेली असते.

तीन शब्द

विजेची तार म्हणजे मळ्यांतला पाट, अशी क्षणभर कल्पना करावी. पाटांतून पाणी वाहतें तें विहिरीवरील थारोळें वाफ्याहून उंच असतें म्हणून. उंचीचा हा जो फरक, तोच विजेच्या बाबतींत दाब. त्याचें माप व्होल्ट. एका सेकंदांत पाटांतून किती पाणी जातें, तो प्रवाह. विजेच्या प्रवाहाचें माप अँपिअर. पाट अरुंद असला, लांब असला, त्यांत गवत आणि गाळ माजला असला, म्हणजे पाणी अडखळतें. तारेच्या ठिकाणीं असलेला हा अडखळविण्याचा गुण म्हणजे रोध; त्याचें माप ओहम.

या तिघांचें नातें एका ओळींत सांगतां येतें. दाबास प्रवाहानें भागिलें असतां रोध येतो. रोध कायम ठेवून दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो. दाब कायम ठेवून रोध दुप्पट केला तर प्रवाह निम्म्यावर येतो. तिघांपैकीं दोन ठाऊक असले कीं तिसरा मोजावयाची गरजच नाहीं.

आज हा नियम शाळकरी मुलें सहज पाठ म्हणतात. पण तो हातीं येण्यास एका शाळामास्तराचें अर्धें आयुष्य खर्चीं पडलें. गेऑर्ग ओहम याचा जन्म १७८९ सालीं जर्मनींतील एर्लांगेन येथें झाला. बाप कुलुपें करणारा कारागीर. त्यानें स्वतःच्या कष्टानें गणित शिकून घेतलें आणि तें मुलांस शिकविलें. पुढें कोलोन येथें शिक्षक असतांना ओहमनें निरनिराळ्या लांबीच्या तारांतून वीज सोडून प्रवाह मोजण्यास आरंभ केला. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब एकसारखा राहत नसे, त्यामुळें आज घेतलेलें माप उद्यां जुळत नसे. तेव्हां त्यानें बिस्मथ आणि तांबें या दोन धातूंची जोडणी घेतली आणि तिचा एक सांधा उकळत्या पाण्याच्या उष्णतेंत व दुसरा बर्फांत ठेवला. दोन्ही सांध्यांच्या उष्णतामानांतील अंतर कायम, म्हणून दाबहि कायम. एवढी स्थिरता मिळतांच नियम आपोआप पुढें आला. १८२७ सालीं त्याचें पुस्तक प्रसिद्ध झालें. पण स्वदेशांतील पंडितांनीं त्याची उपेक्षाच केली, आणि ओहम नोकरी सोडून बसला. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कॉप्ले पदक दिलें, तेव्हां कोठें त्याचे दिवस पालटले. १८५४ सालीं तो वारला. पुढें १८८१ सालीं पॅरिस येथें भरलेल्या विद्युत्परिषदेनें रोधाच्या मापास त्याचें नांव कायम केलें.

शक्ति आणि उष्णता

दाब आणि प्रवाह यांचा भागाकार जसा उपयोगी, तसाच त्यांचा गुणाकारहि उपयोगी आहे. दाबास प्रवाहानें गुणिलें असतां शक्ति येते. तिचें माप वॅट. एक हजार वॅटची शक्ति एक तास चालली म्हणजे बिलांतील एक युनिट होतें.

या शक्तीचें उष्णतेंत रूपांतर कसें होतें, हें इंग्लंडांतील जेम्स जूल या तरुणानें १८४१ सालीं दाखवून दिलें. एका दारू गाळणाऱ्या धनिकाचा हा मुलगा. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, असें त्यास आढळलें. ओहमचा नियम हातीं असला म्हणजे याचें कारण समजण्यास अवघड नाहीं. दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. म्हणून शक्ति म्हणजे प्रवाह गुणिले प्रवाह गुणिले रोध. प्रवाह दुप्पट झाला कीं तारेची उष्णता चौपट होते, तिप्पट झाला कीं नऊपट. घरांतील वायरींस लागणाऱ्या बहुतेक आगींचें मूळ या एका वर्गांत आहे.

आतां घरांतील वस्तूंकडे वळूं. प्रत्येक उपकरणावर एक लहानशी पट्टी असते. तिच्यावर दाब आणि शक्ति हे दोन आंकडे छापलेले असतात. आपल्याकडील घरगुती दाब २३० व्होल्ट. पाणी तापविण्याच्या गीझरवर २००० वॅट लिहिलेलें असेल तर २००० ला २३० नें भागावें : प्रवाह सुमारें ८.७ अँपिअर. मग २३० ला ८.७ नें भागावें : रोध सुमारें २६.४ ओहम. एक हजार वॅटच्या इस्त्रीचा प्रवाह सुमारें ४.३५ अँपिअर आणि रोध सुमारें ५३ ओहम. येथें पुष्कळांची समजूत फसते. अधिक शक्तीच्या वस्तूंत अधिक रोध असेल असें वाटतें. प्रत्यक्षांत २३० व्होल्टांवर अधिक शक्ति तीच वस्तु घेते, जिचा रोध कमी आहे.

या भागाकाराचा उपयोग तात्काळ होतो. घरांत दोन प्रकारचे प्लग-पॉइंट असतात : लहान सहा अँपिअरचे आणि मोठे सोळा अँपिअरचे. इस्त्रीचे ४.३५ अँपिअर लहान पॉइंटास सोसतात, गीझरचे ८.७ सोसत नाहींत. तरीहि कित्येक घरांत स्नानगृहांतील मोठा पॉइंट बिघडला म्हणजे दुसरी पिन बसवून गीझर लहान पॉइंटावर लावतात, आणि चार दिवसांनीं त्या पॉइंटाचें प्लास्टिक पिवळें पडलें म्हणजे मालास नांवें ठेवतात. दोष मालाचा नसतो. भागाकार न केल्याचा असतो.

बिलाचेंहि तसेंच. जुना ६० वॅटचा दिवा रोज पांच तास जाळला तर तीस दिवसांत ९ युनिटें होतात. तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एल्.ई.डी. दिवा तितक्याच वेळांत दीड युनिटाहूनहि कमी, म्हणजे १.३५ युनिटें, घेतो. ज्या गृहिणीस गव्हाच्या पोत्याचा आणि तेलाच्या डब्याचा हिशेब तोंडपाठ असतो, तिला हा हिशेब कठीण वाटण्याचें कारण नाहीं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी मात्र येथेंच सांगून ठेवतों. जुन्या कांचेच्या दिव्यांतील तारेचा रोध थंड असतांना फार कमी असतो आणि ती तापून उजळली म्हणजे दहा-पंधरा पटींनीं वाढतो. म्हणून थंड दिव्याचा रोध मोजून केलेला हिशेब चुकतो. दुसरें असें कीं, दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ति हा साधा गुणाकार शेगडी, गीझर, इस्त्री अशा केवळ उष्णता देणाऱ्या वस्तूंना तंतोतंत लागू पडतो. मोटारींत दाब आणि प्रवाह यांची पावलें बरोबरीनें पडत नाहींत. प्रवाह थोडा मागें राहतो. म्हणून तेथें गुणाकारास आणखी एका अपूर्णांकानें गुणावें लागतें. त्यास शक्तिगुणक म्हणतात. उमरीच्या मुलीनें जी चतुराई दाखविली तिचें मर्म याच गोष्टींत होतें.

विहिरीवरील हिशेब

मोटार जळाल्यावर यजमानांनीं विहिरीवरील पेटींत मीटर लावून दाब पाहिला होता. तो २३० व्होल्ट भरला. घरांतहि तितकाच. त्यावरून त्यांनीं निर्णय केला कीं वायर ठीक आहे. मग मोटार जळते ती मिस्त्रीच्या लबाडीनेंच. वरवर पाहतां हा युक्तिवाद बिनतोड दिसतो, आणि आम्हांसहि तो तसाच वाटला.

नात म्हणाली, "आजोबा, पाटांत पाणी सोडलेंच नाहीं, तर पाट कोठें तुंबला आहे हें कळणार कसें?"

खरोखर गोष्ट एवढीच होती. दाबांतील घट म्हणजे प्रवाह गुणिले तारेचा रोध. प्रवाह शून्य असला तर रोध कितीहि असो, घट शून्यच. पंप बंद असतांना घेतलेलें माप वायरीची परीक्षा करूंच शकत नाहीं. तिची परीक्षा प्रवाह वाहत असतांनाच घेतली पाहिजे. मोटार तर मिस्त्रीकडे होती. आणि ती असती तरी शक्तिगुणकामुळें हिशेब गुंतागुंतीचा झाला असता. म्हणून मुलीनें सुचविलें कीं, स्वयंपाकघरांतली २००० वॅटची विजेची शेगडी विहिरीवर नेऊन लावावी. मोजमाप करण्याचें काम तिच्याकडे न देतां गांवांतील एका जाणत्या वायरमनास बोलावलें. मुलीनें फक्त आंकडे टिपून घेतले. तारेवरून प्रवाह मोजणारा चिमट्यासारखा क्लॅम्प मीटर त्याच्याजवळ होता.

शेगडी लाल झाल्यावर तीन आंकडे मिळाले. घराजवळ दाब २३० व्होल्ट, विहिरीजवळ दाब २०० व्होल्ट, प्रवाह ७.५ अँपिअर.

आतां कागदावरील हिशेब पाहा. शेगडीवर २०० व्होल्ट आणि तिच्यांतून ७.५ अँपिअर, भागाकार केला, शेगडीचा रोध सुमारें २६.७ ओहम. ही शेगडी २००० वॅटची असल्यानें तिचा रोध २६.४ च्या आसपास यावयासच पाहिजे. म्हणजे मापें विश्वासार्ह ठरलीं. जातांना-येतांना मिळून वायरींत दाब घटला तो २३० वजा २००, म्हणजे ३० व्होल्ट. तीस भागिले साडेसात : वायरीचा रोध ४ ओहम. शेगडीस मिळालेली शक्ति २०० गुणिले ७.५, म्हणजे १५०० वॅट. वायरींत वायां गेलेली शक्ति ३० गुणिले ७.५, म्हणजे २२५ वॅट. दोहोंची बेरीज १७२५. आणि घराकडून निघालेली शक्ति २३० गुणिले ७.५, तीहि १७२५ च. पै न् पै जुळली.

दोन हजार वॅटची शेगडी विहिरीवर पंधराशेंचीच झाली, हें पाहून यजमान चकित झाले. पण मुलगी तेवढ्यावर थांबली नाहीं. वायर ॲल्युमिनिअमची, चार चौरस मिलिमीटर जाडीची होती. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड अशा ॲल्युमिनिअमच्या तारेचा रोध ०.०२८ ओहम असतो. लांबी जातांना दोनशें आणि येतांना दोनशें मिळून चारशें मीटर. चारशें गुणिले ०.०२८, भागिले चार : २.८ ओहम. वायर धडधाकट असती तर तिचा रोध २.८ ओहमच भरला असता. मापांत आला ४. मग हा वरचा १.२ ओहम कोठून आला?

यजमान क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "जोड आहेत. तीन ठिकाणीं."

वायरमननें मुख्य कळ बंद केली आणि एकेक जोड उघडून पाहिला. पहिला बरा होता. तिसराहि बरा होता. मधला जोड गोठ्याच्या पलीकडे, कडब्याच्या गंजीपासून हातभर अंतरावर होता. त्यावरील काळी पट्टी वितळून तारेस चिकटली होती, आंतील तारेवर पांढरी भुकटी धरली होती, आणि खालचा बांबू काळाठिक्कर पडला होता. ॲल्युमिनिअमवर हवेंत एक पातळ थर चढतो, आणि तो विजेस अडवितो. नुसती पिळून जोडलेली तार काळेंकरून सैल पडते आणि थर वाढत जातो. तो सारा १.२ ओहमचा रोध येथेंच येऊन बसला होता.

त्या जोडांत किती उष्णता उत्पन्न होत होती? साडेसातचा वर्ग ५६.२५, त्यास १.२ नें गुणिलें कीं ६७.५ वॅट. जुना ६० वॅटचा दिवा जळत असतांना हातास चटका देतो. त्याहून अधिक उष्णता आंगठ्याएवढ्या जागेंत कोंडलेली, आणि तीहि वाळलेल्या कडब्याशेजारीं. मोटार सुरू होतांना प्रवाह कांहीं क्षण कित्येक पटींनीं वाढतो. तो २० अँपिअर धरला तरी चारशें गुणिले १.२, म्हणजे ४८० वॅट! वहिनींनीं हा आंकडा ऐकला आणि कांहीं न बोलतां त्या गोठ्याकडे गेल्या. तेथें दोन बैल आणि एक गाय बांधलेली होती.

या सर्व काळांत घरांतील एम्.सी.बी. एकदांहि पडला नव्हता, आणि यजमानांस त्यावरून निश्चिंत वाटत होतें. पण ती कळ प्रवाह मर्यादेबाहेर गेला तरच तुटते. येथें प्रवाह मर्यादेंतच होता. वाढला होता तो रोध. सैल जोडाची आग एम्.सी.बी. ला दिसत नाहीं. ती दिसते फक्त हिशेबांत, किंवा मग प्रत्यक्ष ज्वाळांत.

मोटार कां जळत होती तेंहि आतां उलगडलें. अशा मोटारीचा सुरुवातीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. दाब तीन-चतुर्थांश उरला तर जोर नऊ-षोडशांश, म्हणजे निम्म्याहून थोडासाच अधिक उरतो. मोटार सुरू होतांना ज्या वेळीं सर्वांत अधिक प्रवाह लागतो, त्याच वेळीं चार ओहमची ती वायर सर्वांत अधिक दाब खाऊन टाकी. मोटार नुसतीच गुणगुणत उभी राही, फिरत नसे, आणि तेवढ्या वेळांत तिच्या गुंडाळ्यांतून भारी प्रवाह जाऊन त्यांवरील लाख करपून जाई. तांब्याची तार कितीहि उत्तम घातली असती तरी तिचें तेंच झालें असतें.

संध्याकाळीं यजमान पागोटें घालून स्वतः मिस्त्रीच्या दुकानीं गेले. आम्हीहि बरोबर होतों. "मिस्त्री, चूक आमच्या वायरीची होती; तुम्हांस उगाच बोललों," एवढेंच ते म्हणाले. मिस्त्रीनें हातांतलें काम बाजूस ठेवून चहा सांगितला. पुढच्या आठवड्यांत दहा चौरस मिलिमीटरची अखंड, बिनजोडाची वायर खांबांवरून, गंजीपासून दूर अशी नेण्यांत आली. तिचा रोध हिशेबानें १.१२ ओहम येतो. तीच शेगडी लावून पाहिली तेव्हां विहिरीवर सुमारें २२१ व्होल्ट मिळाले. त्यानंतर मोटार जळाल्याचें आमच्या कानीं आलेलें नाहीं.

विहिरीपासून वीजकेंद्रापर्यंत

उमरीच्या मळ्यांत दोनशें मीटरांवर जें घडलें, तेंच मोठ्या प्रमाणावर सबंध देशाच्या तारांत घडत असतें. आणि वीज इतक्या दूरवर नेणें शक्य झालें तें हाच हिशेब आधीं मांडल्यामुळें. समजा, एका वस्तीस ४६,००० वॅट शक्ति पुरवावयाची आहे आणि मधल्या तारांचा रोध एक ओहम आहे. २३० व्होल्टांच्या दाबानें ती पाठविली तर २०० अँपिअर प्रवाह लागेल, आणि दोनशेंचा वर्ग म्हणजे ४०,००० वॅट तारांतच जळून जातील. तीच शक्ति ११,००० व्होल्टांनीं पाठविली तर प्रवाह ४.२ अँपिअरहि होत नाहीं, आणि तारेंत जाणारा भाग सुमारें १७.५ वॅट, म्हणजे एका लहान दिव्याइतका राहतो. वीज तीच, तार तीच. फक्त दाब वाढविला आणि प्रवाह घटविला.

१९१५ सालीं टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत्केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली, ती सुमारें एक लक्ष व्होल्टांच्या दाबानें सह्याद्रीच्या पायथ्यापासून मुंबईपर्यंत आणण्यांत आली होती. मुंबईच्या लोहमार्गावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची गाडी धांवली, ती १५०० व्होल्टांवर. गाड्या वाढल्या, प्रवाह भारी झाला, आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत उपनगरी मार्गांवरील दाब २५,००० व्होल्ट करण्याचें काम पुरें झालें. तितक्याच शक्तीस लागणारा प्रवाह त्यामुळें सुमारें सतराव्या हिश्श्यावर आला. आमच्या मराठवाड्यांत परळी वैजनाथ येथें १९७१ सालीं औष्णिक केंद्र सुरू झालें. तेथून निघणारी वीजहि उंच मनोऱ्यांवरून उच्च दाबानेंच गांवोगांव जाते आणि गांवाच्या रोहित्रांत तिचा दाब उतरविला जातो.

अडचण असते ती या शेवटच्या टप्प्यांत. एका रोहित्रावर दहा-पंधरा पंप, आणि त्यांस जोडणाऱ्या कमी दाबाच्या लांबच लांब तारा. त्यांवर कोणी आकडे टाकलेले. दर आकड्यागणिक प्रवाह वाढतो, आणि त्याबरोबर सर्वांचा दाब घटतो. शेवटच्या टोंकावरील शेतकऱ्याची मोटार जळते, ती बहुधा मधल्या कोणाच्या तरी आकड्यानें. यावर उपाय म्हणून २०१८ सालीं महाराष्ट्र शासनानें कृषिपंपांकरितां उच्चदाब वितरण प्रणालीची योजना मंजूर केली. तीत ११,००० व्होल्टांची तार थेट शेतापर्यंत नेऊन एका किंवा दोन पंपांस एक लहान रोहित्र देतात. योजनेचें नांव मोठें असलें तरी तिचें तत्त्व वर कागदावर मांडलेल्या गुणाकाराहून वेगळें नाहीं : प्रवाहाचा वर्ग लहान ठेवा.

जिवाशीं गांठ

एक गोष्ट सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. ओहमचा नियम तारेस लागू आहे तसाच मनुष्याच्या देहासहि, ढोबळ मानानें कां होईना, लागू आहे. कोरड्या त्वचेचा रोध पुष्कळ असतो. पण अंग भिजलेलें असलें म्हणजे तो एक हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. ०.०३ अँपिअरहून अधिक प्रवाह छातींतून कांहीं क्षण गेला तरी प्राणास धोका संभवतो. येथें तर त्याच्या सातपटीहूनहि अधिक झाला. ओल्या हातानें कळ दाबूं नये, असें आपण मुलांस सांगतों. त्यामागचें कारण हा भागाकार आहे. म्हणूनच घराच्या मुख्य पेटींत ०.०३ अँपिअर गळतीस तुटणारी आर्.सी.सी.बी. कळ असावी, आणि अर्थिंग दरसाल तपासून घ्यावें. उन्हाळ्यांत अर्थिंगचा खड्डा सुकला म्हणजे त्याचा रोध वाढतो; त्यांत पाणी घालणें हें तुळशीस पाणी घालण्याइतकेंच नेमाचें काम समजावें. चालू वायरींवर मोजमाप करणें मात्र वायरमनाचेंच काम आहे. वाचकांनीं कागद-पेन्सिलीचा भाग तेवढा आपल्याकडे घ्यावा.

घरोघरीं करण्यासारखें काम थोडेंच आहे. एका वहीच्या पानावर घरांतील प्रत्येक उपकरणाची शक्ति लिहावी. तीस २३० नें भागून प्रवाह लिहावा. तें उपकरण ज्या पॉइंटावर लावलें आहे त्याची मर्यादा शेजारीं लिहावी. जेथें प्रवाह मर्यादेबाहेर दिसेल तेथें वायरमनास बोलवावें. पंप सुरू होतांच दिवा मंद होत असेल, प्लग हातास गरम लागत असेल, तर कोठें तरी रोध वाढला आहे असें समजावें, आणि जोड तपासून घ्यावेत. शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींकडे हें पान सोंपविलें तर त्यांचा अभ्यासहि होईल.

उमरीहून निघण्याच्या आदल्या दिवशीं यजमानांनीं तो हिशेबाचा कागद आम्हांस दाखविला. त्यांनीं तो मीटरच्या पेटीच्या आंतल्या बाजूस चिकटवून ठेवला होता. त्याच्या तळाशीं मुलीच्या अक्षरांत शेवटची ओळ होती : जोडाचा रोध, ४ वजा २.८, बरोबर १.२ ओहम.